डोळ्यात पूर्ण होणारी दुर्बीण

नेदरलँड्समधल्या मिडलबर्ग गावातला हान्स लिपरहे हा चष्मे घडवणारा कारागीर १६०८ च्या सप्टेंबरअखेर हेगला आला, तो एक नळी घेऊन. नळीच्या पुढच्या टोकाला बहिर्गोल भिंग होतं, डोळ्याकडच्या टोकाला अंतर्गोल. त्या दिवसांत हेगमध्ये स्पेनशी तहाची बोलणी चालू होती आणि गावात राजदूत-सरदारांची वर्दळ होती. या नळीतून डेल्फ्टच्या मनोऱ्यावरचं घड्याळ आणि लायडनच्या चर्चच्या खिडक्या दिसतात, ही बातमी लगेचच छापूनही आली. लिपरहेने नळी बनवण्याचा हक्क आपल्यालाच मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. सरकारने नळी तपासली आणि त्याला सांगितलं, की दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल अशी करून आण.

डिसेंबरात त्याने ती करून आणली. साध्या काचेत तेव्हा बुडबुडे आणि हिरवट छटा असायची, म्हणून भिंगं स्फटिकाची हवीत अशी अट होती, तीही त्याने पाळली. समितीने वस्तू चांगली असल्याचा निर्वाळा दिला, तशाच आणखी दोन मागवल्या, सगळ्याचे मिळून ९०० गिल्डर दिले. हक्क मात्र दिला नाही, कारण तोवर ही युक्ती दुसऱ्यांनाही ठाऊक आहे हे उघड झालं होतं. आल्कमारच्या याकोब मेटियसने ऑक्टोबरातच तसाच अर्ज केला होता.

दुर्बीण जगासमोर आली आणि दोन-अडीच महिन्यांत तिची जोडही तयार झाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडच्या पुस्तकांत दुर्बिणीची कथा लिपरहेवरून उडी मारून गॅलिलिओवर जाते आणि तिथून सरळ मोठमोठ्या वेधशाळांवर. दोन डोळ्यांनी पाहायच्या साध्या दुर्बिणीची हकिकत बाजूलाच राहते. नाटकगृहातली छोटी ऑपेरा ग्लास म्हणजे श्रीमंतांचा दागिना, मैदानावरची मोठी फील्ड ग्लास म्हणजे लोलकाच्या दुर्बिणीआधीची कच्ची आवृत्ती, असं तिच्याबद्दल बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. ही रचना मुळात कच्ची नाही. तिच्यात एक गोष्ट अशी आहे जी पुढच्या कुठल्याच रचनेत उरली नाही, आणि तिचे सगळे गुण-अवगुण त्या एका गोष्टीतून निघतात.

ती गोष्ट समजायला दोन भिंगं पुरतात. चष्म्याच्या दुकानातून प्लस दोन नंबरचं एक आणि मायनस दहाचं एक अशी न घासलेली गोल भिंगं आणा. पहिल्याचं नाभीअंतर ५० सेंटीमीटर, दुसऱ्याचं १० सेंटीमीटर. पहिलं पुढे धरा, दुसरं त्याच्या मागे ४० सेंटीमीटरवर, डोळ्याला लावून. समोरच्या इमारतीवरची पाटी पाचपट मोठी दिसेल, आणि सरळ दिसेल. ५० भागिले १० म्हणजे पाचपट, ५० वजा १० म्हणजे नळीची लांबी. सारं गणित एवढंच.

आत काय घडतं ते पाहू. पुढचं भिंग प्रकाशकिरण गोळा करून ५० सेंटीमीटरवर एका ठिकाणी आणायला निघतं. ते तिथे पोचले असते तर हवेत एक उलटी, खरीखुरी प्रतिमा उमटली असती. कागद धरला तर त्यावर दिसली असती. पण त्याआधीच, ४० सेंटीमीटरवर, अंतर्गोल भिंग त्यांना गाठतं आणि पुन्हा समांतर करून डोळ्यात सोडतं. म्हणजे नळीत कुठेही प्रतिमा तयार होत नाही. ती पहिल्यांदा उमटते ती तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर. डोळा लावल्याशिवाय हे यंत्र अपुरं आहे.

केप्लरने १६११ मध्ये दुसरी रचना मांडली: दोन्ही भिंगं बहिर्गोल. तिथे किरण आधी एकत्र येतात, नळीत उलटी प्रतिमा बनते, आणि मागचं भिंग त्या प्रतिमेला मोठी करून दाखवतं. शिवाय पुढच्या भिंगातून आलेला सगळा प्रकाश मागच्या भिंगाबाहेर एका छोट्या तेजस्वी चकतीत जमा होतो. डोळ्याची बाहुली त्या चकतीवर आली की पूर्ण दृश्य दिसतं, काठ धारदार, भोवती काळोख. लिपरहेच्या रचनेत, जी पुढे गॅलिलिओच्या नावाने ओळखली गेली, अशी चकती बाहेर येतच नाही. ती नळीच्या आत अडकलेली असते आणि तिथवर डोळा नेणं शक्य नाही.

त्यामुळे दोन परिणाम होतात. पहिला म्हणजे दृश्याचा काठ विरत जातो. मधोमध लख्ख, मग हळूहळू मंद, मग काहीच नाही. दुसरा अधिक गमतीचा. इथे किती प्रकाश आत येणार हे पुढच्या भिंगावर ठरत नाही, बाहुलीवर ठरतं. पुढचं भिंग फक्त खिडकी असतं. खिडकी मोठी असली तर बाहेरचं जास्त दिसतं, खिडकीला नाक लावून उभं राहिलं तर आणखी दिसतं. पण खिडकी मोठी केल्याने बाहेरचं ऊन वाढत नाही. जुन्या फील्ड ग्लासच्या पुढच्या काचा एवढ्या रुंद का असत याचं कारण हेच. आजच्या दुर्बिणीवर ५० मिलिमीटरचं भिंग पाहिलं की आपण ‘उजेड जास्त’ असं समजतो. त्या काळातल्या ५० मिलिमीटरचा अर्थ होता ‘दृश्य जास्त’.

वर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते, वाढवलं की ही खिडकी झपाट्याने लहान होते. गॅलिलिओने आपल्या नळ्या तीनपटीवरून वीसपटीपर्यंत नेल्या, १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र पाहिले. पण त्याच्या वीसपट दुर्बिणीत एका वेळी आकाशाचा जेमतेम पाव अंश दिसायचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राचा अर्धा व्यास. एवढ्याशा भोकातून त्याने चंद्रावरचे डोंगर मोजले याचं मला प्रत्येक वेळी नव्याने आश्चर्य वाटतं. पुढे त्याच्या मनात आलं की गुरूच्या चंद्रांची ग्रहणं पाहून भर समुद्रात रेखांश काढता येईल. त्यासाठी त्याने शिरस्त्राणाला जोडलेली दुर्बीण केली आणि लिव्होर्नोला जहाजावर तिच्या चाचण्याही झाल्या. हलत्या डेकवर इतक्या अरुंद दृश्यात गुरू धरून ठेवणं किती कठीण असणार! ती कल्पना व्यवहारात आली नाही. या रचनेचं खरं घर मोठ्या वर्धनात नाही. ते आहे दोनपट ते पाचपट यांच्या दरम्यान. तिथे ती हलकी आहे, आखूड आहे, हात थरथरला तरी दृश्य नाचत नाही.

केप्लरच्या दुर्बिणीचा रस्ता वेगळ्या दिशेने गेला. नळीत खरी प्रतिमा उमटते म्हटल्यावर त्याच जागी कोळ्याच्या धाग्याची बारीक फुली ताणता येते आणि ती दूरच्या मनोऱ्याच्या टोकाशी जुळवून कोन मोजता येतो. गॅलिलिओच्या नळीत ही फुली बसवायला जागाच नाही. म्हणून मोजणी करणारे, नकाशे काढणारे, सगळे केप्लरकडे गेले. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ती थिओडोलाइट हे कोन मोजायचं प्रचंड यंत्र घेऊन, आणि त्यावर दुर्बीण होती ती याच घराण्यातली. मोजणी उत्तरेकडे सरकत आपल्या विदर्भात पोचली आणि १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे.

त्याच १८२३ मध्ये व्हिएन्नात योहान फ्रीडरिश फॉइग्टलेंडरने नाटकगृहासाठी दोन नळ्यांच्या दुर्बिणीचं पेटंट घेतलं. दोन छोट्या गॅलिलिओ नळ्या, मध्ये त्यांना जोडणारा पूल, बस्स. लिपरहेनंतर दोनशेहून जास्त वर्षं गेली होती. मधल्या काळात कोणी प्रयत्न केले नाहीत असं नाही. शेरुबॅं दॉर्लेआं या कापुसिन साधूने सतराव्या शतकात दोन डोळ्यांच्या लांबलचक दुर्बिणी केल्या होत्या. अडचण होती ती जोड जुळवण्याची. दोन भिंगांचं नाभीअंतर एकसारखं हवं, दोन नळ्या समांतर हव्यात. एक नळी जराशी वर आणि दुसरी खाली झाली तर डोळे ती चूक सोसत नाहीत, डोकं चढतं. आधी चांगली काच मिळायला लागली, मग १७५८ मध्ये लंडनच्या जॉन डॉलंडने दोन प्रकारच्या काचांची जोडभिंगं विकायला आणली आणि चित्राच्या कडेचे रंगीत झालर-पट्टे गेले. पितळी नळ्यांचं काम नेटकं होऊ लागलं तेव्हा कुठे जोडदुर्बीण लोकांच्या हातात आली. फॉइग्टलेंडरच्या दुर्बिणीत प्रत्येक नळी वेगळी सरकवावी लागे. पॅरिसच्या लेमिएरने १८२५ मध्ये मधोमध एक चाक बसवलं. ते फिरवलं की दोन्ही नळ्या एकदम पुढे-मागे होतात. आपण आजही दुर्बीण हातात घेतल्यावर बोटाने जे चाक शोधतो, ते हेच.

त्यानंतर पॅरिसने या वस्तूला डोक्यावर घेतलं. शिंपल्याचे चकचकीत पत्रे, हस्तिदंत, मिनाकाम, एका बाजूला धरायचा दांडा. या सजावटीमुळे तिची थट्टा होते, पण आतली भिंगं अनेकदा उत्तम असत. आणि नाट्यगृहासाठी अडीच-तीनपट वर्धन अगदी योग्य आहे. नटाचा चेहरा कळतो, पण तो रंगमंचापासून तुटत नाही. शेजारी कोण उभं आहे, कोण निघालं आहे, हेही दिसत राहतं.

तेव्हा प्रेक्षागृहातले दिवे खेळ चालू असतानाही बऱ्यापैकी जळत असायचे, त्यामुळे दुर्बिणी रंगमंचाइतक्याच समोरच्या सज्जांकडेही वळत. रेन्वारच्या १८७४ च्या एका चित्रात सज्जात बसलेली स्त्री आपली दुर्बीण खाली धरून आपल्याकडे पाहते आहे, आणि तिच्या मागचा पुरुष दुर्बीण वर रोखून भलतीकडेच काही न्याहाळतो आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते मेरी कसाटचं १८७८ चं चित्र, आता बॉस्टनच्या संग्रहालयात असलेलं. काळ्या पोशाखातली एक स्त्री, सज्जाच्या कठड्यावर कोपर, डोळ्याला दुर्बीण, नजर एकाग्र. दूरच्या सज्जातून एक पुरुष स्वतःची दुर्बीण तिच्यावर रोखून पुढे वाकलेला. तिला त्याचं भानही नाही. ज्या समाजात बाईने टक लावून बघणं चांगलं मानत नसत, तिथे या तळहाताएवढ्या यंत्राने तिला बघायचा हक्क दिला, असं मला त्या चित्रासमोर वाटतं. ती बघते आहे, आणि काय बघायचं हे तिने ठरवलं आहे.

माझ्याकडे अशी एक जोडी आहे, पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतलेली. नाटकातली नाजूक दुर्बीण नाही ही, फील्ड ग्लास आहे. पितळी, काळं चामडं बरंच निघालेलं, पुढच्या काचा खेळण्यातल्या चाकांसारख्या रुंद. पथारीवर मांडलेल्या लोखंडी कुलपांत आणि बंद घड्याळांत ती पडली होती. हातात घेतल्यावर मी आधी ती हातभर लांब धरून आकाशाकडे केली आणि मागच्या भिंगात पाहिलं. लोलकाची दुर्बीण असती तर तिथे छोटी तेजस्वी चकती भिंगाबाहेर तरंगताना दिसली असती. इथे उजेडाचं वर्तुळ नळीत खोल बसलेलं होतं. गॅलिलिओच्या घराण्याची ओळख पटवायला हे पुरतं, दुकानदाराला काही विचारावं लागत नाही.

तिच्या मधल्या दांड्याच्या टोकाला एक खुंटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत तीन शब्द कोरले आहेत: थिएटर, फील्ड, मरीन. खुंटी फिरवली की दोन्ही नळ्यांत अंतर्गोल भिंगांच्या तीन जोड्यांपैकी एक जोडी समोर येते. पुढची भिंगं तीच, मागचं नाभीअंतर बदललं की वर्धन बदलतं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच कारागिरांनी अशा दुर्बिणी भरपूर केल्या. एका वस्तूत तीन आयुष्यं: संध्याकाळी नाटक, सकाळी शर्यतीचं मैदान, प्रवासात जहाजाचा कठडा. मी ती ‘थिएटर’वर लावून बालगंधर्व रंगमंदिराच्या बाल्कनीत नेली आहे. बाल्कनीतून आवाज पोचतो, चेहरा पोचत नाही, ही आपली नेहमीची तक्रार. त्या संध्याकाळी एका स्वगताच्या मध्यावर नटाने आवंढा गिळला तो मला दिसला. मोठ्या वर्धनाच्या दुर्बिणीने हे साधलं नसतं. तिच्यात फक्त चेहरा उरला असता, आणि हाताच्या कंपाने तोही हलत राहिला असता.

‘मरीन’ या शब्दाला मात्र थांबून दाद द्यायला हवी. इग्नात्सियो पोर्रोने १८५४ मध्ये लोलकांची रचना पेटंट केली. केप्लरची उलटी प्रतिमा लोलक सरळ करून देतात. १८९४ मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने एर्न्स्ट अबेच्या देखरेखीखाली तयार झालेल्या लोलक-दुर्बिणी बाजारात आणल्या: सहापट, आठपट, काठापर्यंत स्पष्ट दृश्य. दिवसा त्यांच्यापुढे जुनी फील्ड ग्लास टिकूच शकत नव्हती, हे मान्य. तरीही रात्रीच्या पहाऱ्यासाठी खलाशी बराच काळ जुनीच पसंत करत. त्यामागे साधा हिशेब आहे. काच आणि हवा जिथे भेटतात तिथे प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. गॅलिलिओच्या नळीत अशी पृष्ठं चार, म्हणून १०० पैकी ८५ भाग प्रकाश डोळ्यापर्यंत येतो. लोलकवाल्या दुर्बिणीत ती दहाच्या आसपास, तिथे जेमतेम ६५ भाग उरतात, आणि परत फिरलेला प्रकाश आत इकडेतिकडे आपटून काळोखावर धुकट पडदा चढवतो तो वेगळाच. अंधाऱ्या पाण्यावर दिवे विझवलेलं जहाज शोधणाऱ्याला हा फरक कळणारच. झाइसमध्ये अलेक्झांडर स्माकुलाने १९३५ मध्ये भिंगांवर परावर्तन रोखणारा पातळ थर चढवायची रीत काढली, तेव्हा हा मुद्दा निकालात निघाला.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनला दुर्बिणींचा तुटवडा भासला. उत्तम काच आणि उत्तम दुर्बिणी जर्मनीतून येत होत्या. लॉर्ड रॉबर्ट्स यांनी लोकांना आवाहन केलं, की घरातल्या दुर्बिणी सैन्याला वापरायला द्या. लोकांनी शर्यतीच्या, शिकारीच्या दुर्बिणी कपाटांतून काढून दिल्या. कानपूरला जन्मलेले हे वृद्ध सेनापती त्याच वर्षी नोव्हेंबरात फ्रान्समध्ये भारतीय सैनिकांना भेटायला गेले असताना न्यूमोनियाने वारले. १९१७ मध्ये अमेरिकेच्या नौदलानेही असंच आवाहन केलं, तेव्हा तिथे नौदलाचे सहायक सचिव होते फ्रँकलिन रूझवेल्ट.

आणि मग साधी दुर्बीण संपली, असं वाटलं होतं. पण तुमच्या दंतवैद्याकडे नीट पाहा. चष्म्याच्या काचांत बसवलेल्या दोन आखूड नळ्या घालून ते वाकतात ना, त्या बहुतेक वेळा अडीचपटीच्या गॅलिलिओ नळ्याच असतात, जवळचं पाहण्यासाठी जुळवलेल्या. दिवसभर नाकावर पेलायच्या तर हलक्या हव्यात, आणि सरळ प्रतिमेसाठी लोलकाचं वजन नको. लेझरचा झोत रुंद करायलाही हीच रचना वापरतात. तिथे कारण आणखी सुंदर आहे. केप्लरच्या नळीत सगळा झोत एका बिंदूत गोळा होतो आणि जबर शक्तीचा लेझर असेल तर त्या बिंदूपाशी हवासुद्धा फुटून ठिणगी पडते. गॅलिलिओच्या नळीत किरण कुठे एकत्र येतच नाहीत. मोजणीदारांनी ज्या उणिवेमुळे ती बाजूला ठेवली, तीच इथे तिची पात्रता ठरली.

माझ्या दृष्टीने तिचं सगळ्यात चांगलं पुनरागमन आकाशाखाली झालं आहे. जपानी कंपन्या गेली काही वर्षं नक्षत्रं पाहण्यासाठी खास गॅलिलिओ द्विनेत्री बनवतात. व्हिक्सनची एक २.१ पट, ४२ मिलिमीटर; तिच्यात सुमारे २५ अंश आकाश मावतं. अख्खं मृग नक्षत्र, तलवारीसकट. वर सांगितलं तसं प्रकाशाचं माप बाहुली ठरवते, म्हणून हिशेबही सोपा: २.१ गुणिले २.१, म्हणजे साधारण ४.४ पट प्रकाश. ताऱ्यांच्या प्रतींत (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) सांगायचं तर दीडहून थोडी जास्त प्रत. पुण्या-मुंबईच्या कडेला गच्चीवरून नुसत्या डोळ्यांना चौथ्या प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील, तर ही लावल्यावर साडेपाचव्या प्रतीपर्यंतचे दिसतात. वर्धन इतकं कमी, की आकाशात आपण कुठे आहोत हे विसरायला होत नाही.

याचं मोल मला कर्क राशीपाशी कळलं. मेष, सिंह, वृश्चिक शहरातूनही सापडतात. कर्क मात्र पंचांगात रोज भेटणारी आणि आकाशात न दिसणारी रास, कारण तिच्यात चौथ्या प्रतीच्या आसपासचे चारपाच मंद तारे आहेत. फेब्रुवारीतल्या रात्री पुनर्वसूचे दोन तारे आणि मघा यांच्या मध्ये ही दुर्बीण नेली की ते तारे एकेक करत जागेवर येतात, त्यांचा उलट्या इंग्रजी ‘Y’सारखा आकार जुळतो, आणि त्याच्या मध्याशी पुष्याचा तारकागुच्छ धुरकट ठिपक्यासारखा उमटतो. सगळं एकाच दृश्यात, मान न वळवता. आठपट दुर्बिणीत तो गुच्छ कितीतरी छान दिसतो, तारे सुटे होतात, पण रास दिसत नाही.

चष्मा असणाऱ्यांनी एवढं करावं: चष्मा काढून नळ्या डोळ्यांना अगदी भिडवाव्यात आणि प्रत्येक नळी आपापल्या नंबरला जुळवून घ्यावी, कारण डोळा भिंगापासून जेवढा मागे राहील तेवढं आकाश कमी दिसेल. पापण्यांचे केस काचेला लागले तर अंतर बरोबर आहे असं समजावं.